आंकेचा सेवानिवृत्ती समारंभ

आंकेच्या सेवानिवृत्तीचा समारंभ ठरवताना घरातल्या सगळ्यांचं मत घेण्यात आलं होतं, एकट्या आंकेचं सोडून.

तिला सरप्राइज द्यायचं, असं चैतालीने ठरवलं होतं. चैताली ही आंकेच्या सासूबाईंची, गिरिजाबाईंची, थोरली मुलगी. ऑफिसात ती चाळीस इंजिनिअरांना कामाला लावते आणि शनिवार-रविवारी हात शिवशिवतात म्हणून घरच्यांना. शिवाय निवृत्त माणसाला शाल पांघरायची ही भाटकरांच्या घरची रीतच होती. गिरिजाबाईंचे यजमान उल्हासराव; त्यांच्या वडिलांना रत्नागिरीला बंदर खात्याने पांघरली, उल्हासरावांना इथे सिंगापुरात सेम्बावांगच्या शिपयार्डातल्या मित्रांनी. आता सुनेची पाळी. सून जर्मन आहे, छत्तीस वर्षांची आहे आणि बर्फावर पळते, यातलं काहीही रीतीच्या आड येतंय असं कुणाला वाटलं नाही.

ती निवृत्त झाली हे सगळ्यांना तिच्या नवऱ्याने, मंदारने, सांगितलं होतं. मे महिन्यात जर्मनीच्या स्केटिंग संघटनेची मेल आली. ज्यांना मानधन मिळणार त्या खेळाडूंच्या यादीत आंकेचं नाव नव्हतं. तिने मेल वाचली, लॅपटॉप मिटला आणि ती कपड्यांच्या घड्या घालायला लागली. मंदारने विचारलं, "मग संपलं ना आता?" ती काही बोलली नाही. आंके गप्प बसली की ती विचार करत असते; आणि आपल्याकडे प्रश्न विचारल्यावर बाई गप्प बसली की होकार धरतात. लग्नाला आठ वर्षं झाली तरी हा फरक मंदारच्या ध्यानात आला नव्हता.

खरं काय ते गिरिजाबाईंना ठाऊक होतं. नात जाई यंदा प्रायमरी वनमध्ये, म्हणजे पहिलीत गेली, मंदार जहाजांच्या तपासण्या करत महिन्यातले पंधरा दिवस बाहेर, म्हणून सोमवार ते शुक्रवार गिरिजाबाई मुलाच्या ईस्ट कोस्टच्या काँडोत, म्हणजे फ्लॅटात, राहायच्या आणि शनिवारी सेम्बावांगला नवऱ्याकडे परतायच्या. काँडोत पहाटे पाचला त्यांना जाग यायची तेव्हा आंके चाकांचे स्केट्स खांद्याला लटकवून बाहेर पडत असायची. समुद्राकाठच्या रस्त्यावर दीड तास घासून ती साडेसहाला परत यायची, ती घामाने निथळत. मंदार घरी असला तर त्याला ती जुनी सवय वाटायची. बर्फावरचे स्केट्स बॉम्ब शेल्टरमध्ये, बासमतीच्या पोत्यामागे होते. सिंगापुरात जाड लोखंडी दाराची ही खोली घरोघर असते, आणि सरकारने ती बॉम्बसाठी बांधली असली तरी लोक तिच्यात तांदूळ ठेवतात. जुलैत आंके सहा आठवडे जर्मनीला आईकडे जाऊन आली. आईकडे पाच दिवस होती, बाकीचे दिवस बर्फावर, हेही गिरिजाबाईंना माहीत होतं. परत आल्यावर तिच्या मांड्यांना जीन्स होईना.

तरी त्या बोलल्या नाहीत. सुनेचं गुपित राखलं असं कुणाला वाटेल, पण तेवढा मोठेपणा त्यात नव्हता. रत्नागिरीला मांडवीजवळ त्यांनी बांधलेलं दोन खोल्यांचं नवं घर तीन वर्षं कुलूप लावून उभं होतं. पहिल्या वर्षी मंदारच्या नव्या नोकरीमुळे जाणं राहिलं, दुसऱ्या वर्षी उल्हासरावांच्या मोतीबिंदूमुळे, तिसऱ्या वर्षी जाईच्या शाळेमुळे. यंदा तीन नोव्हेंबरची तिकिटं हातात होती. आंके पुन्हा पळायला गेली तर जाईला कोण बघणार, याचं उत्तर सगळ्यांना न विचारता ठाऊक होतं. म्हणून त्या गप्प बसल्या. हे खूळ आपोआप सुटेल, अशी त्यांना आशा होती आणि त्या आशेची थोडी लाजही वाटत होती.

समारंभ पितृपक्ष संपल्यावरच्या पहिल्या शनिवारी सकाळी अकराला ठेवला. उल्हासरावांचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण ते उगाच धोकाही पत्करत नाहीत. सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये सतरा माणसं जमली. लिटिल इंडियातून शाल, नारळ आणि गजरे आले. नवरात्राच्या उपासवाल्यांसाठी साबुदाण्याची खिचडी, बाकीच्यांना मसालेभात. चैतालीने स्केटच्या आकाराचा केक करून घेतला होता, तो एमआरटी मेट्रोतून येईस्तोवर चपलेसारखा दिसायला लागला.

आंकेला सांगितलं होतं की निशिकांतकाकांचा बासष्टावा वाढदिवस आहे. निशिकांत हे उल्हासरावांबरोबर बोटीवर सेकंड इंजिनिअर होते आणि कुठल्याही कार्यक्रमात माइक त्यांच्याच हाती जातो. आंकेने त्यांच्यासाठी कुंडीतलं रोप आणलं होतं. ते तिने त्यांच्या हातात दिलं, "हॅपी बर्थडे, काका" म्हणाली, आणि निशिकांतांनी ते निमूटपणे घेऊन टीव्हीशेजारी ठेवलं. मग त्यांनी तिला मधल्या खुर्चीवर बसवलं आणि खिशातून मानपत्र काढलं.

मानपत्र उल्हासरावांनी लिहिलं होतं. चीफ इंजिनिअर म्हणून त्यांनी उभ्या आयुष्यात फक्त इंजिनांचे अहवाल लिहिले होते, आणि वळण सुटत नाही.

"सौ. आंके मंदार भाटकर यांस," निशिकांतांनी सुरुवात केली. "आपला जन्म एरफुर्ट या नगरीत झाला. वयाच्या सहाव्या वर्षी आपण बर्फावर उभ्या राहिलात, आणि त्यानंतर फारशा थांबला नाहीत. अठराव्या वर्षी आपण ज्युनिअर जगज्जेत्या झालात. बाविसाव्या वर्षी पाच हजार मीटरच्या शर्यतीत साऱ्या जगाला मागे टाकून आपण विश्वविजेतेपद मिळवलंत. युरोपचं अजिंक्यपदही आपण दोन वेळा राखलंत. आपल्या प्रदीर्घ सेवाकाळात डावा गुडघा वगळता एकही मोठा बिघाड नोंदला गेला नाही. कन्यारत्नासाठी घेतलेल्या ड्राय-डॉकनंतरही आपण पूर्ण वेगाने कामावर रुजू झालात."

ड्राय-डॉक काढा, बाळंतपण म्हणजे जहाजाची दुरुस्ती नव्हे, असं गिरिजाबाईंनी दोनदा सांगितलं होतं.

आंकेला स्वयंपाकघरातलं मराठी येत होतं, मानपत्रातलं नाही. जाई तिच्या मांडीवर बसून कानात भाषांतर करत होती, आणि सहा वर्षांच्या मुलीला कानात बोलणं म्हणजे काय ते नीटसं ठाऊक नसतं.

"ऑलिम्पिकमध्ये आपण दोन वेळा चौथा क्रमांक पटकावलात," निशिकांत वाचत गेले.

"ही से यू केम फोर्थ, मामा. ट्वाइस," जाई तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. आईला ती जर्मन रीतीने मामा म्हणायची.

आंकेचा चेहरा हलला नाही. पहिल्या वेळी ती तीन सेकंदांनी चौथी आली होती. दुसऱ्या वेळी, जाई तीन वर्षांची असताना, एका सेकंदाच्या अकरा शतांश भागाने. पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. त्यानंतरचे तीन महिने ती घरात कुणाशी धड बोलली नव्हती. मंदारने त्या तीन महिन्यांबद्दल आईला फक्त एकदा सांगितलं होतं, तेही फोनवर आणि पाठ करून आल्यासारखं.

"आज आपण या क्रीडाक्षेत्रातून सन्मानाने निवृत्त होत असताना..."

"मामा, यू रिटायर्ड अल्रेडी?" जाईने मोठ्याने विचारलं. "देन व्हाय एव्हरी डे स्केट?"

निशिकांतांनी वाचन थांबवलं. चैताली शाल घेऊन पुढे आली होती. घरातली मोठी म्हणून पांघरायचा मान गिरिजाबाईंचा होता, आणि शाल आता त्यांच्या हातात होती. आंकेने शालीकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं, मग सासूकडे पाहिलं.

"आई, हे काका नाही? हे माझं आहे?"

"तुझं आहे," गिरिजाबाई म्हणाल्या.

"मी रिटायर नाही." ती सावकाश, एकेक शब्द सुटा ठेवून मराठीत बोलत होती. "ऑक्टोबर एकतीसला सिलेक्शन रेस आहे. मी नाव दिलं. पाच तारखेला जायचं आहे. मी आज रात्री मंदारला सांगणार होते."

निशिकांतांना बोटीवर आग लागली तरी काय करायचं ते ठाऊक होतं. त्यांनी मानपत्राची घडी घातली आणि माइकवर जाहीर केलं, "जेवणं गरम आहेत, तोपर्यंत घेऊन टाकू या."

पाहुणे ताटांकडे वळले आणि भाटकर आतल्या खोलीत गेले. दार लावलं. पलंगावर केक ठेवलेला होता, म्हणून सगळे उभेच राहिले.

"मे महिन्यात संपलं म्हणालीस," मंदार म्हणाला.

"तू म्हणालास. मी कपडे घडी करत होते."

"पाच तारीख म्हणजे पुढचा रविवार! आंके, तू छत्तीस वर्षांची आहेस. मानधन बंद झालंय. गुडघा..."

"गुडघा ठीक आहे. मानधन नको. ह्या रेसमध्ये चाळीसच्या बायका पण आहेत."

"आणि किती दिवस?" चैतालीने विचारलं. प्रश्न कुठलाही असो, तिला आधी तारखा लागतात.

"सिलेक्शन नाही झालं तर नोव्हेंबरमध्ये परत. झालं तर वर्ल्ड कप, मग ऑलिम्पिक. फेब्रुवारीच्या शेवटी परत."

"पाच महिने," मंदार म्हणाला. "आणि मुलगी?"

गिरिजाबाईंना जाणवलं, की चौघांच्याही नजरा आळीपाळीने आपल्यावर येऊन परत चालल्यात.

"ताई, तू तरी सांग हिला," मंदार बहिणीला म्हणाला.

"मी काय सांगू? तू बायकोला न विचारता जगाला सांगत सुटलास की ती रिटायर झाली. मी हॉलमध्ये सतरा माणसं बसवून ठेवलीयेत." चैताली सकाळपर्यंत भावाच्या बाजूची होती. पण तिच्या कार्यक्रमाचा विचका झाला की ती ज्याने विचका केला त्याच्या विरुद्ध जाते, आणि या वेळी तो भाऊ निघाला. "मला विचारशील तर जाऊ दे तिला."

"तुला काय जातंय म्हणायला! पुन्हा चौथी आली तर? तू नव्हतीस तिथे. मी होतो." मंदारचा आवाज चिरकला आणि त्याने केककडे बघायला सुरुवात केली. "मला पुन्हा नाही बघायचंय ते."

आंके त्याच्याजवळ गेली. "मला मेडल नको," ती म्हणाली, आणि मराठी पुरेना तिथे इंग्रजीत शिरली. "लास्ट रेस मी सहावी आले, मार्चमध्ये, नॉर्वेत. संपल्यावर शूज काढले, सूप प्यायले, बसमध्ये बसले. आय डिड नॉट नो इट वॉज द लास्ट. तीस वर्षं मी हे केलं, मंदार. शेवटची रेस मला माहीत असून पळायची आहे."

उल्हासराव इतका वेळ खिडकीशी उभे होते. मानपत्रावर त्यांनी दोन आठवडे घालवले होते, आणि ते वाचून पूर्ण झालं नाही याचा त्यांना राग होता. तो आता उतरला.

"बरोबर आहे तिचं," ते म्हणाले.

"बाबा?"

"जहाज धक्क्याला लागलं, की वर ब्रिजवरून कप्तानाची घंटी येते. इंजिनाचं काम संपलं म्हणून. खाली उत्तराचं हॅन्डल असतं, ते आपण फिरवायचं. रोज कुणीही फिरवतो, थर्ड इंजिनिअर, फोर्थ इंजिनिअर. माझ्या शेवटच्या बोटीवर मी त्या पोराला बाजूला केलं आणि स्वतः फिरवलं. दोन मिनिटं हात काढला नाही." खिडकीच्या कडीवरचा हात त्यांनी काढला. "मला ते करायला मिळालं. हिला मिळालं नाही. जाऊ दे तिला. जाईचं काय, गिरिजा आहेच की."

असं हे आलं. गिरिजाबाईंना ते कुठल्या बाजूने येणार एवढंच माहीत नव्हतं.

"आई आहेच," चैताली म्हणाली. "रत्नागिरी मार्चमध्ये."

"आई असेल तर मग..." मंदारसुद्धा म्हणाला, आणि त्याचे खांदे सैल झाले. ज्या गोष्टीवर पाच मिनिटांपूर्वी घर फुटायला आलं होतं, तिच्यावर आता तिघांचं एकमत झालं होतं. खुंटीवरच्या किल्लीसारखी आपली जागा ठरलेली आहे, हे पाहून गिरिजाबाईंना रागापेक्षा नवलच वाटलं.

"मी तीन नोव्हेंबरला जाणार," त्या म्हणाल्या.

चैतालीने फोनमध्ये तारीख तपासली.

आंकेचा चेहरा मात्र पांढरा पडला. चौथ्या क्रमांकाला न हललेला चेहरा. "ओके," ती म्हणाली. "आई, तू जा. मी नाही जात. तुझं घर तीन वर्षं थांबलं." मग हळूच, "तुला सगळं माहीत होतं. तू कधीच नाही बोललीस."

"नाही बोलले. मला वाटत होतं, तुझं हे आपोआप सुटेल. म्हणजे माझं रत्नागिरी वाचेल." हे सर्वांसमोर बोलताना त्यांचे कान तापले. "चुकलंच माझं."

"मला पण वाटलं, सुटेल," आंके म्हणाली. "सुटत नाही."

"मग तू जायचंस. जमलं नाही तर वगैरे राहू दे, जमेल असंच धरून बोलू. फेब्रुवारीपर्यंत जायचंस. आणि मीही जायचं." त्यांनी हातातली शाल पलंगाच्या कडेला ठेवली आणि नवऱ्याकडे वळल्या. "हे राहतील."

"कोण?" उल्हासरावांनी विचारलं. त्यांनी खरोखरच मागे वळून पाहिलं. मागे खिडकी होती.

"तुम्ही. जाईजवळ. ईस्ट कोस्टला."

"मी एकटा? अगं, मला त्यातलं काय कळतं?"

"अहो, तुम्ही नऊ-नऊ महिने बोटीवर जायचात. मंदार दोन महिन्यांचा होता तेव्हा ब्राझीलला गेलात, आलात तेव्हा तो उभा राहत होता. तेव्हा मला त्यातलं काय कळत होतं? मला कुणी विचारलं, की तुला कळतं का? चौतीस वर्षं हे घर सोडून कुणीही कुठेही गेलं, की 'गिरिजा आहेच'. ह्या पोरीला पाच महिने जायचंय तर घराला घाम फुटला." त्यांचा आवाज वाढला नव्हता. "तुम्हीच आत्ता म्हणालात, जाऊ दे तिला. मग द्या जाऊ."

उल्हासराव मंदारकडे पाहू लागले. मंदारने केक पाहिला. चैताली म्हणाली, "बाबा, हेल्पर ठेवू या हवं तर," आणि आईने तिच्याकडे पाहिल्यावर, "किंवा नको."

"घर तर दोघांसाठी बांधलंय ना?" उल्हासराव खालच्या आवाजात म्हणाले. "तू एकटी काय करशील तिथे?"

हे त्यांनी अगदी मनापासून विचारलं होतं आणि ते गिरिजाबाईंना लागलं. क्षणभर वाटलं, जाऊ दे, राहू मार्चपर्यंत. तीन वर्षं गेली, तसं हे चौथं. 'बरं' हा शब्द त्यांच्या तोंडात अगदी तयार होता. आजवर त्यांनी तो इतक्या वेळा उच्चारला होता, की त्याला विचार करावा लागत नव्हता.

"तुमची वाट बघीन," त्या म्हणाल्या. "ते मला येतं."

उल्हासरावांनी मान खाली घातली. माणूस कधी वादात हरला नव्हता, कारण वादाच्या वेळी तो बहुतेक समुद्रात असायचा.

"शाळेची बस किती वाजता असते?" त्यांनी विचारलं.

"सहा चाळीस."

"मी साडेचारलाच उठतो. त्याचं काही नाही. आणि डबा?"

"महिनाभर मी आहे. शिकवते. चार्ज घ्या आणि मग मला सोडा."

"लिहून दे मला."

"लिहून नाही. करून."

दार ढकलून जाई आत आली. तिच्या गालाला खिचडीतलं शेंगदाण्याचं कूट लागलेलं होतं आणि गजरा घालायला कुणीतरी सोडलेले केस पाठीवर पसरले होते. बाहेर एक काकू वेणी घालून देत होत्या, पण तिला आजीच हवी होती. ती कंगवा घेऊन थेट गिरिजाबाईंपुढे पाठमोरी उभी राहिली.

"मामा जर्मनीला जाणार," तिला चैतालीने सांगितलं. "आजी रत्नागिरीला. तुझ्याजवळ आजोबा राहणार."

जाईने वळून आजोबांना आपादमस्तक न्याहाळलं. "आजोबा कॅन टाय हेअर?"

"नो," उल्हासराव म्हणाले.

"देन हाऊ? स्कूल मस्ट टाय, यू नो. कॅनॉट जस्ट लाइक दॅट लाह."

गिरिजाबाईंनी कंगवा नवऱ्याच्या हातात दिला. उल्हासराव गुडघ्यांचा आवाज करत जमिनीवर बसले आणि नातीला पुढ्यात घेतलं. सत्तर हजार टनांच्या जहाजाचं इंजिन खोलून पुन्हा बसवलेल्या त्या बोटांनी केसांचे तीन भाग केले. मग तिसरा भाग सुटला आणि पुन्हा दोन झाले. जाई "आऊच" म्हणाली. ते "सॉरी" म्हणाले आणि पहिल्यापासून लागले. दार उघडंच राहिलं होतं. निशिकांत हातात ताट घेऊन तिथे येऊन उभे राहिले आणि खायचं विसरले. मंदार आंकेजवळ सरकला आणि त्याने तिचा हात धरला, थोडा घट्टच, पण धरला.

गिरिजाबाईंचे हात तीनदा पुढे गेले. तिन्ही वेळा त्यांनी ते मागे घेतले आणि शेवटी पदरात गुंडाळून ठेवले. त्यांना रडू येत होतं. सुनेसाठी येतंय, की कुलूप उघडायला आपण एकट्याच जाणार म्हणून, की आता मागे राहणारं दुसरं कुणी आहे म्हणून, हे त्यांना सांगता आलं नसतं. त्यांनी ते अडवलं नाही.

"आई, तू आनंदी आहेस की दुःखी?" आंकेने विचारलं. असले प्रश्न ती सरळ विचारते आणि उत्तराची वाट बघत थांबते.

"दोन्ही," गिरिजाबाई म्हणाल्या.

उल्हासरावांनी वेणीच्या टोकाला रबर लावलं आणि मान वर केली. वेणी डाव्या कानाकडे गेली होती आणि मध्येच दोन ठिकाणी फुगली होती. "सोडून पुन्हा घालू?" त्यांनी बायकोला विचारलं.

"वाकडी आहे," गिरिजाबाई म्हणाल्या. "राहू दे."